गाडी थोड्याच वेळात सुटेल

मुलाने पाठवायची म्हटलेली मोटार भोंगेसाहेबांनी नको म्हटली, आणि तिथेच पहिली माशी शिंकली.

"बाबा, ड्रायव्हर ओळखीचा आहे, गाडी थंडगार आहे, आईला मागे आडवं होता येईल," मुलगा परगावाहून फोनवर समजावत होता. "दारात बसायचं, थेट डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं."

"देवाला असं दारातून जात नसतात," भोंगेसाहेब म्हणाले. "आपल्या स्टँडवरून यात्रा विशेष सुटते. मी असताना ती गाडी घड्याळाच्या..." इथे ते जरा अडखळले, कारण ते असताना यात्रा विशेष घड्याळाच्या कुठल्याच काट्यावर कधी सुटलेली नव्हती. "मी असताना ती रोज सुटायची," त्यांनी वाक्य सावरून घेतलं.

भोंगेसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीमागे, माईकसमोर बसून त्यांनी उभी हयात काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली लागणार नाही आणि जी लागणार नाही तिच्याबद्दल दिलगिरी, अशी तिन्ही खाती त्यांच्याकडे होती. आवाज मोठा भरदार. त्या आवाजात ऐकलं की गाडी रद्द झाल्याचंसुद्धा वाईट वाटत नाही, असं प्रवासी म्हणत. (प्रवासी आणखीही बरंच काही म्हणत, पण ते खिडकीच्या बाहेर, आणि भोंगेसाहेब काचेच्या आत.)

ही भाषा पुढे त्यांच्या अंगातच मुरली. घरीसुद्धा ते सकाळी पुकारत, "आंघोळीला जाणारे गृहस्थ न्हाणीघराकडे प्रस्थान करीत आहेत. टॉवेलची व्यवस्था करावी." त्यावर स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचं निवेदन येई, "टॉवेल तांत्रिक कारणामुळे ओला आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल अजिबात दिलगीर नाही." असा संसार होता. दोघं एकमेकांना ऐकू येत होती, तोवर फार गमतीत चालला.

मग पत्नीला विसर पडायला लागला. त्यांची धाकटी बहीण त्यांना ताई म्हणे, म्हणून आळीत सगळेच त्यांना ताई म्हणत. आधी ताई चष्मा विसरल्या. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, चष्मा सगळेच विसरतात. मग गॅसवरचं दूध विसरल्या, मग शेजारणीचं नाव. आणि एका सकाळी त्यांनी पलंगावरच्या भोंगेसाहेबांकडे बघून डोक्यावरून पदर घेतला आणि अदबीनं विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

त्या दिवशी भोंगेसाहेब अंगणात जाऊन रडले. आवाज भरदार असल्यामुळे ते तीन घरांना कळलं.

तेव्हापासून त्यांनी एक खूण ठरवून ठेवली होती. ज्या सकाळी ताई उठून "अहो" म्हणतील, तो दिवस चांगला. मग त्या दिवसापुरतं सगळं जागेवर असे. संसार, मुलगा, टॉवेल, नवरा. ज्या सकाळी "अहो" येत नसे, त्या दिवशी भोंगेसाहेब घरात पाहुण्यासारखे वावरत आणि चहासुद्धा विचारून घेत. चांगले दिवस विरळ होत चालले होते. "आहेत तोवर जे राहिलंय ते उरकून घ्या," डॉक्टर म्हणाले होते.

राहिलं होतं ते एकच. यात्रा.

लहानपणी ताई वडिलांच्या खांद्यावर बसून त्या डोंगरावर गेल्या होत्या. देवळाच्या दारात एक मोठी घंटा होती. वडिलांनी उचलून धरलं, तेव्हा कुठे तिला हात लागला. "मोठी झाले की जमिनीवर उभी राहून वाजवीन," असं त्या वडिलांना म्हणाल्या होत्या. मोठ्या झाल्या, लग्न झालं, आणि नवरा मिळाला तो असा, की यात्रेच्या दिवसांत सगळ्या गावाला रजा आणि याची रजा बंद! दरवर्षी ताई त्याचा डबा घेऊन चौकशी खिडकीशी येत, यात्रेकरूंनी भरून चाललेल्या गाड्या बघत उभ्या राहत आणि विचारत, "अहो, आपण कधी?"

"एवढी गर्दी ओसरू दे," भोंगेसाहेब म्हणत. "थोड्याच वेळात."

दळण आणायचं, गळका नळ बघायचा, यात्रेला न्यायचं, त्यांच्याकडे सगळ्याला उत्तर हेच होतं. निवृत्त झाल्यावर तरी न्यायचं, तर आधी त्यांचे गुडघे आडवे आले, मग मुलाचं लग्न, मग सुनेचं बाळंतपण. माणसाला न जायची कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपली आपण घरी येतात.

पण आता डोंगरावर न्यायला दोरीवरचा पाळणा झाला होता, गुडघ्यांची सबब उरली नव्हती. तिकिटं काढून झाली होती. आणि ठरलेल्या दिवशी ताई उठल्या, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, आज जायचंय ना आपल्याला? मग लोळताय काय असे?"

भोंगेसाहेबांना इतका आनंद झाला, की दात घासायच्या आधीच त्यांनी बूट चढवले. सकाळी निघायचं, दुपार कलली की पायथा, ऊन उतरायच्या आत वर. दिवस मावळण्याआधी ताईंचा हात घंटेला लागला पाहिजे, आणि आपल्याला इथं कुणी आणलं हे त्यांना ठाऊक असलं पाहिजे. देवाकडे त्यांचं एवढंच मागणं होतं. देवापर्यंत पोचायची गाडी मात्र त्यांनी स्वतः निवडलेली होती.

बरोबर ताईंची धाकटी बहीण होती. या मेहुणीबाईंच्या जिभेला धार, हाताला उरक, आणि दोन्ही खांद्यांना पिशव्या. ताईंनी मात्र जेवणाचा डबा काही तिच्या पिशवीत जाऊ दिला नाही. "हा माझ्याजवळच राहू दे," म्हणत त्यांनी तो मांडीवर घट्ट धरला. स्टँडवर पोचल्यापासून तर दोन्ही हातांनी.

स्टँडवर पाऊल टाकताच भोंगेसाहेब पाच वर्षांनी तरी तरुण झाले. डिझेलचा वास त्यांनी असा ओढून घेतला, की शेजारचा माणूस बाजूला सरकला. फलाट चारवर यात्रेकरू जमले होते. गाडीचा पत्ता नव्हता. तेवढ्यात भोंग्यातून एका तरुण मुलीचा आवाज आला. "यात्रा विशेष गाडीस तांत्रिक कारणामुळे विलंब होत आहे."

"ड्रायव्हर आलेला नाही," भोंगेसाहेब म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?" पुढच्या बाकावरच्या एका जाडजूड दुकानदारानं मान वळवून विचारलं.

"मला कसं कळलं?" भोंगेसाहेब हसले. "अहो, ही वाक्यं मी घडवलीत! 'तांत्रिक कारण' म्हणजे ड्रायव्हर आला नाही. 'अपरिहार्य कारण' म्हणजे ड्रायव्हर आला आहे, पण न आलेला बरा होता. 'लवकरच' म्हणजे गाडी खोलून ठेवली आहे. आणि 'थोड्याच वेळात'..." त्यांनी आवाज खाली आणला. "'थोड्याच वेळात' म्हणजे गाडी कुठे आहे ते आम्हालाही ठाऊक नाही. निवांत चहा प्यावा."

"भाऊजी, म्हणजे जन्मभर लोकांना थापा मारल्यात म्हणा," मेहुणीबाई म्हणाल्या.

"थापा नव्हेत, धीर. खरं सांगितलं असतं तर लोकांनी खिडकी फोडली असती."

एवढ्यात केस ओले असलेला एक माणूस शर्टाची बटणं लावत लगबगीनं ड्रायव्हरांच्या खोलीकडे गेला. दुकानदारानं त्याच्याकडे पाहिलं, मग भोंगेसाहेबांकडे पाहिलं आणि आपली पिशवी उचलून तो यांच्या बाकावर येऊन बसला.

थोड्या वेळानं गाडी आली खरी, पण मागच्या अंगाला बसलेली. "यात्रा विशेष लवकरच मार्गस्थ होईल," भोंगा म्हणाला. "चाक खोलणार," भोंगेसाहेब म्हणाले. मिस्त्री आला, त्यानं चाकाला एक लाथ घातली आणि ते खोललं. आता मात्र यात्रेकरूंनी भोंगेसाहेबांभोवती कोंडाळंच केलं. कुणी त्यांना परतीची गाडी विचारली, कुणी वर जेवायची सोय विचारली, एका बाईनं तर मुलीचं लग्न कधी जमेल तेही विचारून घेतलं. "साहेब, तुम्ही सांगाल ते खरं," दुकानदार पुन्हा पुन्हा म्हणत होता. नोकरीत असताना भोंगेसाहेबांवर कुणीच विश्वास ठेवला नव्हता, तो सगळा आता एकदम मिळत होता. चढणारच.

या गडबडीत ताई डबा धरून गाड्यांकडे बघत होत्या. ऊन फलाटावर पार आतपर्यंत आलं होतं.

"अहो," त्यांनी हळूच विचारलं, "आपण कुणाला सोडायला आलोय?"

भोंगेसाहेब गर्दीतून उठून त्यांच्याजवळ बसले. "सोडायला नाही गं. आपणच चाललोय. डोंगरावर."

"आपण? आणि तुमची रजा?"

"मंजूर झाली."

"खरंच? कुणी केली?"

"वरच्या साहेबांनी."

"बरे आहेत हो नवे साहेब," ताई म्हणाल्या आणि समाधानानं हसल्या. भोंगेसाहेबही हसले. "अहो" अजून शाबूत होतं, पण बाकीचं सुटत चाललं होतं, हे त्यांना कळलं. सकाळची ताजी ताई या बाकावर, या चाकापायी, हळूहळू संपत होती. त्यांना मुलाची थंडगार मोटार आठवली. आत्तापर्यंत निम्मी वाट सरली असती. त्यांनी मिस्त्रीकडे असं पाहिलं, की त्यानं हात जरा भरभर चालवले.

त्यानंतर ताईंनी दोनदा पाणी मागितलं आणि एकदा, हा डबा थंड होतोय, असं सांगितलं. तिन्ही वेळा "अहो" नव्हतं. "ऐकलंत का" होतं, पण "ऐकलंत का" तर बस कंडक्टरलाही म्हणतात.

भोंगेसाहेबांना राहवेना. मग त्यांना सुचलं, चौकशी खिडकी! जिथं ती इतकी वर्षं डबा घेऊन यायची, ती खिडकी, ती फळी, ती काच दाखवली तर सगळं पुन्हा जागेवर येईल. खिडकी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला तर होती. जायचं, दाखवायचं, "अहो" घेऊन परत यायचं.

नेमका तेव्हाच भोंगा बोलला. "यात्रा विशेष गाडी थोड्याच वेळात सुटेल. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात."

"चला भाऊजी!" मेहुणीबाईंनी पिशव्या खांद्यावर टाकल्या.

"अगं, काय चला?" भोंगेसाहेब म्हणाले. "'थोड्याच वेळात' म्हणजे काय ते आत्ताच सांगितलं ना? दोन चहा होतील आरामात. तू सामान घेऊन बस. मी हिला जरा खिडकीपर्यंत नेऊन आणतो."

"चाक बसवलंय, ड्रायव्हर चढलाय!"

"चढू दे. मी असे शेकडो ड्रायव्हर चढलेले आणि उतरलेले पाहिलेत."

"भाऊजी, माझं ऐका."

"या स्टँडवर मला शिकवू नकोस," भोंगेसाहेब म्हणाले. मोठमोठ्या माणसांची मोठमोठी वाक्यं पुढे त्यांच्याच अंगावर येतात. या वाक्याला तर वाटेत कुठे थांबासुद्धा नव्हता.

(साहेब सांगतील ते खरं, असं म्हणणारा दुकानदार केव्हाच गुपचूप जाऊन खिडकीची जागा धरून बसला होता.)

चौकशी खिडकीच्या बाहेर अजून तेच लाकडी बाक होतं. भोंगेसाहेबांनी ताईंना त्यावर बसवलं. "इथंच बैस हं. हलू नकोस." ताई मांडीवर डबा ठेवून शहाण्यासारख्या बसल्या. खिडकीच्या फळीवर आतल्या माणसाला बोलवायची एक छोटी पितळी घंटी ठेवली होती, ती मात्र नवी होती. भोंगेसाहेबांच्या वेळी लोक काचेवर थापा मारत.

बाजूच्या दारानं ते आत शिरले. त्यांच्या खुर्चीवर एक तरुण मुलगी बसली होती. ती लगेच उभी राहिली. "काका, तुम्ही! अहो, तुमची वाक्यं मी अजून तशीच वापरते. एक अक्षर बदललं नाही."

"शाबास! चांगलं चाललंय," भोंगेसाहेब खूश होऊन म्हणाले. "'थोड्याच वेळात' छान म्हटलंस. आवाजात खात्री हवी, ती आहे. गाडी नक्की कुठे अडकली आहे कुणास ठाऊक, पण ऐकणाऱ्याला शंका येत नाही."

"अडकली? नाही हो काका. फक्त वाक्यं जुनी ठेवलीत, आता ती खरी असतात." मुलीनं समोरच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "गाडीत यंत्र बसवलंय. गाडी निघायला तयार झाली की इथं हिरवा दिवा लागतो. तो लागला की मगच मी 'थोड्याच वेळात' म्हणते. तुम्ही कुठे निघालात आज?"

भोंगेसाहेबांनी वळून पाहिलं. मागच्या खिडकीतून फलाट चार दिसत होता, आणि फलाट चार रिकामा होता. यात्रा विशेष फाटकाकडे वळत होती.

धावायला गुडघे नव्हते. आयुष्यात ज्या एकाच हत्यारावर त्यांचा हात बसला होता, ते समोर होतं. त्यांनी माईक ओढला, बटण दाबलं आणि जीव एकवटून ओरडायला तोंड उघडलं. थांबा! एवढंच ओरडायचं होतं. पण त्या माईकसमोर त्या तोंडातून तसा सुटा शब्द कधी निघालाच नव्हता.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," भरदार आवाज स्थानकभर घुमला. "फलाट क्रमांक चारवरून सुटणारी..."

गाडी फाटकात पोचली.

"...नदीकाठ मार्गे डोंगरावरील देवस्थानाकडे जाणारी..."

गाडी रस्त्याला लागली.

"...यात्रा विशेष जलद गाडी..."

गाडीचा मागचा दिवा वळणावर दिसेनासा झाला.

"...थांबावी. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

स्थानकातल्या बाकीच्या सगळ्या गाड्या आज्ञाधारकपणे थांबल्या. त्यांपैकी एकही कुठे निघालेली नव्हती.

खिशातला फोन वाजला. मेहुणीबाई!

"भाऊजी! गाडी सुटली!"

"दिसलं."

"ड्रायव्हर थांबत नाही! म्हणतो, मधे थांबलो तर यंत्रात दिसतं. अहो, ताईची शाल, ताईच्या गोळ्या, सगळं माझ्याजवळ. मी पुढच्या थांब्यावर उतरून परत येते."

भोंगेसाहेबांनी भिंतीला हात टेकला. "नको," ते म्हणाले. "तू जा. गोळ्या घरी आहेत दुसऱ्या. तू वर जा आणि तिच्या वाटची घंटा वाजव."

पलीकडे मेहुणीबाई रडायला लागल्या, आणि मागून दुकानदाराचा आवाज आला, "साहेबांना सांगा, त्यांच्या दोन्ही सीटा मी धरून ठेवल्या आहेत."

तो फोन ठेवतात न ठेवतात तोच मुलाचा आला. "बाबा, निघालात ना वेळेवर? आई कशी आहे? पोचाल कधी?"

"थोड्याच..." भोंगेसाहेब म्हणाले, आणि त्यांना तो शब्द पुढे नेता येईना. मग त्यांनी खरं ते सांगून टाकलं. मुलगा रागावला नाही, तेच जास्त लागलं. "बरं," तो म्हणाला. "उद्या सकाळी मी स्वतः मोटार घेऊन येतो. उद्या जाऊ."

उद्या. मुलाला वाटत होतं, एक गाडी चुकली. गाड्या काय, उद्याही होत्या, परवाही होत्या. आजची ताई उद्या असेल का, हे सांगणारा दिवा कुठल्याच पडद्यावर लागत नव्हता. चुकला होता तो चांगला दिवस, आणि तो आपल्या फुशारकीपायी चुकला, हे त्यांना उघड दिसत होतं. त्या मुलीनं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला. तो तसाच ठेवून ते बाहेर आले.

बाहेर बाकावर ताई ताठ बसल्या होत्या. चेहरा उजळला होता, डोळे चमकत होते. सकाळपेक्षाही ताज्या दिसत होत्या. भोंगेसाहेबांच्या जिवात जीव आला. खिडकीनं काम केलं होतं तर!

"ऐकलंत?" ताई वरच्या भोंग्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आत्ता बोलले ते?"

"ऐकलं," भोंगेसाहेब घाईनं जवळ बसत म्हणाले. "मीच..."

"आमचे हे!" ताई म्हणाल्या. "हजार आवाजांत ओळखीन मी." मग त्यांनी शेजारी बसलेल्या माणसाकडे नीट पाहिलं. त्याचे पांढरे केस, घामेजलेलं कपाळ, पडलेला चेहरा बघून त्यांना कणव आली. "काय झालं आजोबा? गाडी चुकली का तुमची?"

भोंगेसाहेबांनी डोळे मिटले. ताई आत्ता कुठल्या वर्षात होत्या, ते त्यांना कळलं. डबा घेऊन पहिल्यांदा या खिडकीशी आल्या होत्या, त्या वर्षात. तिथं हा म्हातारा त्यांच्या ओळखीचा असायचं काही कारणच नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "चुकली."

"यात्रेची? अगंबाई! आणि जेवलात का काही?"

सकाळपासून भोंगेसाहेबांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी मान हलवली. ताईंनी मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे पाहिलं. मनात मोठीच ओढाताण झालेली दिसली.

"तुम्हाला दिला असता हो," त्या शेवटी ओशाळून म्हणाल्या, "पण हा ह्यांचा आहे. त्यांना भूक अजिबात निघत नाही."

"असू दे," भुकेले भोंगेसाहेब म्हणाले. "त्यांनाच द्या."

"पण तुम्ही काळजी करू नका. मी ह्यांना सांगते. ते तुम्हाला दुसऱ्या गाडीत बसवून देतील. सगळ्या गावाला बसवून देतात." ताई उठल्या, फळीपाशी गेल्या आणि त्यांनी ती छोटी पितळी घंटी वाजवली. जमिनीवर उभ्या राहून, स्वतःच्या हातानं. टिण्ण असा अगदी बारीक आवाज झाला. त्यांना तो आवडला असावा, कारण त्यांनी ती आणखी एकदा वाजवली आणि हसून वळून पाहिलं.

आतली मुलगी काचेमागून डोकावली, पण पुढे आली नाही. यायचा तो माणूस बाहेर बाकावर बसून तोंड रुमालात लपवत होता.

"येतील हं," ताई परत येऊन शेजारी बसल्या. मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त एक सांगून ठेवते आजोबा. ते 'थोड्याच वेळात' म्हणाले, तर तेवढं मनावर घेऊ नका. मनानं फार चांगले आहेत हो, पण मलासुद्धा यात्रेला थोड्याच वेळात नेणार आहेत." तोंडावर पदर धरून त्या लग्नाला वर्षही न झालेल्या मुलीसारख्या हसल्या. "तोवर मी बहुतेक तुमच्याएवढी म्हातारी होईन!"